स्मार्ट चष्म्याने सार्वजनिक जागांची तपासणी : कोल्हापुरातील एका नागरिक-गटाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजारामपुरी परिसरातील रहिवाशांच्या एका गटाला एका उद्योजकाने दोन स्मार्ट चष्मे, म्हणजे चौकटीतच कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणाची सोय असलेले चष्मे, देऊ केले आहेत. ते वापरून आपल्या भागातील बाग आणि पदपथ, तसेच रंकाळा तलावाचा काठ व पंचगंगा नदीचा घाट यांच्या देखभालीची नियमित तपासणी करावी आणि निष्कर्ष महापालिकेला द्यावेत, असा गटाचा विचार आहे. चष्म्याचा खरोखर उपयोग होईल का, तपासणी कशी करावी, कायद्याची काही अडचण आहे का आणि अशा नोंदींवर अधिकारी व ठेकेदार विश्वास ठेवतील का, असे त्यांनी विचारले आहे. उद्याने, तलावकाठ आणि रस्ते यांच्या देखभालीची त्रयस्थ तपासणी हे अनेक वर्षांपासून माझे काम आहे आणि अलीकडे त्यासाठी मी असे चष्मेही वापरले आहेत. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

उपयोग होईल, मात्र चष्म्याकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची हे आधी स्पष्ट हवे. चष्मा दोष शोधत नाही. दोष तपासनिसाच्या डोळ्याला दिसावा लागतो आणि तो किती गंभीर आहे हेही तपासनिसालाच ठरवावे लागते. चष्म्यामुळे एवढेच होते की दोष दिसणे आणि त्याची नोंद होणे यांतील अंतर जवळजवळ नाहीसे होते. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण हातात पॅड आणि पेन घेऊन ज्याने दोन तास पायी तपासणी केली आहे त्याला त्याचे मोल लगेच कळेल. सुरुवातीच्या शंभर मीटरमध्ये माणूस उखडलेली प्रत्येक फरशी वेगळी लिहितो. तासाभराने थांबून, मान खाली घालून लिहिण्याचा शीण येतो आणि ‘बऱ्याच ठिकाणी पेव्हर ब्लॉक खचलेले आढळले’ असे सरसकट वाक्य अहवालात उतरते. त्या वाक्यावर कनिष्ठ अभियंत्याला काहीही करता येत नाही, कारण ब्लॉक कोणते, किती आणि कुठे हे त्यात नसते. ठेकेदाराला मात्र असेच वाक्य हवे असते. दोन्ही हात मोकळे ठेवून, चालण्याची लय न मोडता, प्रत्येक दोषाचे छायाचित्र आणि दोन शब्दांची बोलून केलेली नोंद जागेवरच होऊ लागली की असे वाक्य लिहिण्याची वेळच येत नाही.

त्यामुळे चष्मे हातात येण्याआधीचे काम अधिक महत्त्वाचे आहे आणि ते कागदावर करायचे आहे. ते काम म्हणजे निकष ठरवणे. ‘बाग अस्वच्छ आहे’ हे मत झाले. दोन माणसांनी एकाच जागी उभे राहून एकच श्रेणी द्यावी इतके ते मत नेमके झाले तरच त्याला तपासणी म्हणता येते. या बाबतीत परदेशांत बरेच काम झालेले आहे आणि ते पाहून घेण्यासारखे आहे. नेदरलँड्समध्ये क्रो या संस्थेने सार्वजनिक जागांच्या दर्जाची सचित्र सूची तयार केली असून तीत ए-प्लस, ए, बी, सी आणि डी अशा पाच पातळ्या आहेत. फरसबंदी, हिरवळ, कचरा, बाके अशा प्रत्येक बाबीसाठी त्या त्या पातळीचे छायाचित्र आणि मोजता येईल असे वर्णन तीत शेजारीशेजारी दिलेले असते, त्यामुळे एखादी जागा अमुक पातळीवर राखावी अशी अट देखभालीच्या करारातच घालता येते. इंग्लंडमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली काढलेल्या आचारसंहितेत कचऱ्यासाठी चार श्रेणी आहेत : कचरा अजिबात नाही, तुरळक किरकोळ वस्तू आहेत, सर्वत्र विखुरलेला असून थोडे ढीगही आहेत, आणि जागा कचऱ्याने भरलेली आहे. न्यूयॉर्कच्या उद्यान विभागाने तर बाब स्वीकारार्ह आहे की नाही एवढेच ठरवण्याची पद्धत ठेवली आहे आणि तपासायची उद्याने यादृच्छिक निवडीने घेतली जातात.

यांतील पद्धत घ्यावी, चित्रे घेऊ नयेत. डच सूचीतील विटांची फरसबंदी पाहून रंकाळ्याच्या काठावरील दगडी पायरीची श्रेणी ठरवता येणार नाही. आपली चित्रसूची आपल्याच जागांची हवी आणि ती तयार करण्याचे काम गटाला दोन-तीन आठवड्यांत जमण्यासारखे आहे. उदाहरणादाखल घाटाच्या पायरीवरील शेवाळ घ्या. पायरी कोरडी आणि स्वच्छ असेल तर ‘अ’. दगडांच्या सांध्यांत शेवाळ आहे पण पाय पडतो त्या पट्ट्यात नाही, तर ‘ब’. पाय पडतो त्या पट्ट्यात हिरवे ठिपके आहेत, तर ‘क’. आणि पाय ठेवताच सरकतो, तर ‘ड’. प्रत्येक अक्षरासमोर आपल्याच घाटाचे एक छायाचित्र चिकटवले की नव्या माणसालाही श्रेणी देता येते. अशीच सूची निर्माल्य आणि नदीकाठी साचणाऱ्या कापडांसाठी, खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती पडणाऱ्या कप-प्लेटांसाठी, कोंडाळ्याबाहेर सांडलेल्या कचऱ्यासाठी, पदपथावर टाकलेल्या खरमातीसाठी (बांधकामाच्या राडारोड्यासाठी), चेंबरच्या झाकणांसाठी, दिव्याच्या खांबाच्या तळाशी उघड्या पडलेल्या तारांसाठी आणि बागेतील खेळण्यांसाठी करावी. आठ-दहा बाबींच्या पुढे जाऊ नये. चाळीस बाबींचा तक्ता कागदावर भारदस्त दिसतो, पण तिसऱ्या फेरीनंतर तो कोणी भरत नाही.

पट्टे पाडणे हीही तयारीचीच बाब आहे. संपूर्ण रंकाळा किंवा संपूर्ण बाग यांना एक श्रेणी देण्यात अर्थ नाही; काठाचे ५० मीटरचे पट्टे करावेत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि कोणत्या दिवशी कोणते पट्टे तपासायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. तपासनिसाच्या आवडीवर सोडले तर तो नकळत वाईट पट्ट्यांकडेच वळतो आणि मग ठेकेदार ‘तुम्ही निवडून वाईट जागा दाखवता’ असे म्हणतो, त्याला उत्तर उरत नाही. वेळही लिहावी. रविवारी रात्रीची गर्दी ओसरल्यानंतर सोमवारी सकाळी झाडलोट होण्याआधी दिलेली श्रेणी आणि झाडलोटीनंतर तासाभराने दिलेली श्रेणी यांचा अर्थ वेगवेगळा असतो. पहिलीवरून कोंडाळी पुरेशी आहेत का हे कळते, दुसरीवरून सफाई कशी होते हे कळते.

आता प्रत्यक्ष चालताना काय करायचे ते पाहू. चष्म्याचा कॅमेरा डोके जिकडे असेल तिकडे पाहतो, डोळे जिकडे असतील तिकडे नव्हे. आपण चालताना पायाखालचे झाकण नुसती नजर खाली करून पाहतो, मान फारशी हलवत नाही. परिणामी छायाचित्रात समोरचे झाड आणि आकाश येते आणि झाकण चौकटीबाहेर राहते. म्हणून नव्या तपासनिसाला मी पहिल्या दिवशी एकच सराव देतो : दोषासमोर थांबणे, पाऊलभर मागे सरणे, हनुवटी छातीकडे आणून नाकाची रेषा दोषावर धरणे आणि मगच छायाचित्राची आज्ञा देणे. दुसरी अडचण प्रमाणाची आहे. या कॅमेऱ्यांची भिंगे रुंद कोनाची असल्यामुळे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेल्या छायाचित्रात दोन बोटे रुंदीची भेग केसाएवढी दिसते आणि खचलेला ब्लॉक सपाट दिसतो. खिशात ३० सेंमीची पोलादी पट्टी ठेवावी आणि प्रत्येक भेगेशेजारी किंवा खड्ड्यात ती ठेवून, खाली वाकून दुसरे छायाचित्र घ्यावे. पहिले छायाचित्र जागा ओळखण्यासाठी आणि दुसरे माप सांगण्यासाठी, अशी जोडी झाली की कार्यालयात बसलेल्या अभियंत्याला जागेवर न येताही कामाचा अंदाज बांधता येतो.

बोलून करायच्या नोंदीला ठरलेला क्रम हवा : पट्टा, वस्तू, दोष, श्रेणी. ‘पट्टा सतरा, घसरगुंडी, तिसऱ्या पायरीचा बोल्ट नाही, ड.’ इतकेच बोलावे. मोकळेपणाने बोललेल्या मराठीचे यंत्राने केलेले लेखन अजून भरवशाचे नाही, आणि तलावावरचा वारा, बसचा हॉर्न किंवा सणासुदीचा ध्वनिक्षेपक यांत ते आणखी बिघडते. ठरलेले थोडे शब्द ठरलेल्या क्रमाने आले तर यंत्रालाही सोपे जाते आणि यंत्र चुकले तरी संध्याकाळी ध्वनिमुद्रण ऐकून दुरुस्ती करायला वेळ लागत नाही. मूळ ध्वनिमुद्रण, छायाचित्रांसोबत, अहवाल मंजूर होईपर्यंत ठेवावे. सलग चित्रीकरण मात्र टाळावे. चष्म्याची लहान बॅटरी त्यात झपाट्याने उतरते, फुल एचडी चित्रीकरणाच्या एका मिनिटाला साधारण १०० एमबीच्या आसपास जागा लागते, आणि मुख्य म्हणजे तासभराचे चित्रीकरण पुन्हा बसून पाहणारा माणूस कुठल्याही कार्यालयात नसतो. शिवाय सलग चित्रीकरणात तपासणीशी संबंध नसलेली माणसे विनाकारण येतात. त्याविषयी पुढे लिहितो.

काही तपासण्या चष्म्याने होतच नाहीत. मुलांच्या खेळण्यांमध्ये अत्यंत घातक असा एक दोष म्हणजे ज्या फटीतून मुलाचे अंग जाईल पण डोके अडकेल अशी फट. अमेरिकी निकषांत ती साडेतीन ते नऊ इंच, म्हणजे सुमारे ८९ ते २२९ मिमी अशी धरली जाते. छायाचित्रावरून ही फट ओळखण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही मापांचे ठोकळे उद्यमनगरातील कोणत्याही वर्कशॉपमध्ये करून मिळतील. लहान ठोकळा आत जातो आणि मोठा जात नाही, तर ती फट धोकादायक. झोपाळ्याची साखळी हाताने ताणून पाहावी लागते, बाकाची फळी बसून पाहावी लागते, पोकळ झालेल्या झाडाच्या बुंध्यावर लाकडी हातोडीने वाजवून ऐकावे लागते. चष्म्याचा फायदा असा की हे सारे करताना हात मोकळे असतात आणि केलेली चाचणी त्याच क्षणी नोंदली जाते.

पंचगंगा घाटाविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पुरानंतरची तपासणी हा कोल्हापुरात दरवर्षीचा विषय झाला आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी या पातळ्यांच्या बरेच खाली उतरून घाट पूर्ण उघडा पडल्याशिवाय तपासणीला जाऊ नये आणि गेल्यावर एकट्याने पायऱ्या उतरू नयेत. गाळ बसलेल्या दगडावर एक हात काठीला आणि एक हात सोबत्याला लागतो; तिथे मोबाइल काढून छायाचित्र घेणे धोक्याचे असते आणि चष्मा खरोखर उपयोगी पडतो. मात्र डोळ्यासमोर लहान पडदा असलेला चष्मा असेल तर पायऱ्यांवर तो पडदा बंद ठेवावा. नजर अर्धा क्षण पडद्यावर गेली आणि पाय शेवाळावर पडला, तर तपासणी तिथेच संपते. गाळ काढण्याआधी एकदा आणि काढल्यानंतर एकदा, त्याच पट्ट्यांची त्याच कोनातून छायाचित्रे घेतली, तर निखळलेले दगड, खचलेले सांधे आणि वाहून गेलेली कठड्याची रेलिंग यांची यादी आपोआप तयार होते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या पावसात भिंगावर थेंब बसतात आणि पूर्ण सकाळ धूसर छायाचित्रांत वाया जाऊ शकते. टोपीला पुढे लांब कड असावी आणि दर पट्ट्याच्या सुरुवातीला भिंग पुसण्याची सवय लावावी. एप्रिल-मेच्या भर उन्हात चौकट तापते आणि काही चष्मे स्वतःहून बंद होतात, म्हणून त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत काम आटोपावे. ज्यांना आधीच नंबरचा चष्मा आहे, विशेषतः ज्यांची भिंगे दुहेरी आहेत, त्यांची सोय खरेदीपूर्वीच पाहावी. सार्वजनिक जागांचे खरे जाणकार, म्हणजे जुने मुकादम आणि निवृत्त पर्यवेक्षक, याच वयोगटात असतात आणि त्यांना वगळून केलेली तपासणी कच्ची राहते.

जागेची नोंद हा विषय लोक गृहीत धरतात. बाजारातील अनेक चष्म्यांत स्वतःचे जीपीएस नसते. स्थान जोडलेल्या मोबाइलकडून येते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, दाट झाडीखाली किंवा उंच इमारतींमध्ये त्याहून कमी. पाच मीटरांत तीन बाके असू शकतात. म्हणून नुसत्या जिओ टॅगवर विसंबू नये. बाक, खांब, झाकण, खेळणे अशा प्रत्येक वस्तूला रंगाने क्रमांक घालावा किंवा क्यूआर पट्टी लावावी, आणि नोंदीत तो क्रमांक बोलावा. दिव्याच्या खांबांना बहुधा क्रमांक असतातच. तेच आधाराला घ्यावेत. महापालिकेच्या लेखी परवानगीशिवाय तिच्या मालमत्तेवर स्वतःहून रंग मारू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

कोणता चष्मा घ्यावा, यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. एक प्रकार कॅमेरा आणि ध्वनी असलेला, पडद्याविना, पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाचा. रे-बॅन मेटा हा त्यातला, भारतात मे २०२५ पासून अधिकृतपणे मिळणारा. दुसरा एका डोळ्यापुढे लहान पडदा असलेला, कारखाने आणि दूरस्थ दुरुस्तीसाठी बनवलेला. तिसरा त्रिमितीय चित्रे दाखवणारा जड प्रकार, जो आपल्या कामाला नको. पायी तपासणीला माझ्या मते पहिला पुरतो. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी : गूगलने आपल्या ‘ग्लास’ या स्मार्ट चष्म्याची व्यावसायिक आवृत्ती मार्च २०२३ मध्ये बंद केली आणि मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या त्रिमितीय प्रकारच्या चष्म्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबवले. उपकरणे येतात आणि जातात, त्यामुळे नोंदी कोणत्याही कंपनीच्या ॲपमध्ये अडकवू नयेत. छायाचित्रे साध्या जेपीजी स्वरूपात आणि यादी साध्या तक्त्यात, गटाच्या स्वतःच्या संगणकावर असावी.

छायाचित्रांतील दोष कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखून घ्यावेत का, असेही मला वारंवार विचारले जाते. रस्त्यांवरील भेगा आणि खड्डे ओळखणाऱ्या प्रणाली आहेत आणि त्यांना शिकवण्यासाठी आरडीडी २०२२ सारखे खुले छायाचित्रसंच आहेत, ज्यात भारतातील रस्तेही आहेत. पण ही छायाचित्रे डांबरी रस्त्यांची, मुख्यतः वाहनातून घेतलेली आहेत. आपल्या पदपथावरील पेव्हर ब्लॉक, काळ्या दगडाची पायरी किंवा शेणाने सारवलेल्या अंगणाला लागून असलेले गटार त्यांना परिचित नाही. गुलमोहराखालचा पाकळ्यांचा सडा कचरा म्हणून मोजला जातो आणि झाडाची सावली खड्डा ठरते. शेकडो छायाचित्रांतून आधी कोणती पाहावीत हे लावण्यापुरता अशा प्रणालीचा उपयोग करावा. श्रेणी माणसानेच द्यावी. त्याहून चांगला उपयोग असा की जागेवरच्या तपासनिसाने दिलेली श्रेणी झाकून तेच छायाचित्र गटातील दुसऱ्या माणसाला दाखवावे आणि त्याची श्रेणी घ्यावी. दोघांत वारंवार फरक पडू लागला तर निकषाचे वर्णन सैल आहे असे समजावे आणि ते घट्ट करावे. कागदी तपासणीत हे शक्य नव्हते. माझ्या दृष्टीने चष्म्याने दिलेली सर्वांत मोठी सोय हीच आहे.

आता माणसांचा विषय. यावर मी सर्वांत अधिक आग्रही आहे. मोबाइल वर धरला की समोरच्याला आपले छायाचित्र निघते आहे हे कळते आणि तो बाजूला होऊ शकतो किंवा हरकत घेऊ शकतो. चष्म्याने ही सूचनाच नाहीशी होते. चौकटीवरचा छोटा दिवा उन्हात कोणाला दिसत नाही. घाटावर बायका कपडे धूत असतात, कोणी अंघोळ करत असतो, कोणी दशक्रिया विधीला बसलेला असतो. बागेत मुले खेळत असतात. ही सारी माणसे सार्वजनिक जागेत असली तरी आपल्या तपासणीचा विषय नाहीत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात स्पष्ट केले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. ओळखता येणारा चेहरा ही वैयक्तिक माहिती आहे. स्वतःच्या घरगुती वापराला या कायद्यात सूट आहे, पण गटाने ठरवून केलेली आणि महापालिकेला द्यायची तपासणी घरगुती वापरात बसवता येईल असे मला वाटत नाही.

व्यवहारात यासाठी काय करावे तेही सांगतो. तपासनिसाने ‘देखभाल तपासणी – कॅमेरा सुरू’ असे पाठपोट लिहिलेले जाकीट घालावे. छायाचित्र घेताना मान खाली, जमिनीकडे किंवा वस्तूकडे असावी. माणूस चौकटीत असेल तर तो जाईपर्यंत थांबावे, कारण खचलेला ब्लॉक कुठे पळून जात नाही. तरीही एखादा चेहरा आला तर छायाचित्र संगणकावर उतरवल्याबरोबर तो पुसट करावा आणि मूळ प्रत नष्ट करावी. छायाचित्रे चष्मा बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडवर आपोआप चढवण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी. आणि सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारात चष्मा काढून पेटीत ठेवावा. आत कोणी नाही अशी खात्री असली तरी काढावा. देखभालीची सर्वाधिक गरज याच ठिकाणी असते हे मला ठाऊक आहे. तिथे पूर्वीसारखाच कागद-पेन वापरावा, महिलांच्या बाजूची तपासणी महिला सदस्यानेच करावी. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ हे स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करण्याच्या गुन्ह्याविषयी आहे, आणि कॅमेरा लावलेला माणूस स्वच्छतागृहातून बाहेर येताना दिसला तर त्याचा हेतू काय होता हे ऐकून घ्यायला कोणी थांबणार नाही, थांबूही नये.

सफाई कर्मचारी, माळी आणि पहारेकरी यांच्या बाबतीतही हाच कटाक्ष हवा. चंडीगड आणि पंचकुला येथे सफाई कामगारांना जीपीएस असलेली घड्याळे घालायला लावली गेली तेव्हा कामगारांनी त्याला विरोध केला, आणि तो रास्त होता. आपण जागेची स्थिती तपासतो. कोण किती वेळ सावलीत बसले होते हे तपासत नाही. कामगाराचे छायाचित्र एकदा तक्रारीत वापरले गेले की त्या भागात पुन्हा कोणी तुमच्याशी बोलणार नाही, आणि कुठल्या कोंडाळ्याची गाडी येत नाही, कोणत्या नळाला पाणी नाही, ही सर्वांत उपयोगी माहिती त्याच लोकांकडे असते. तपासणीला निघताना त्यांना आधी सांगावे, शक्य असेल तर मुकादमाला सोबत घ्यावे.

अधिकारी विश्वास ठेवतील का, याचे उत्तर नोंद कशी केली आहे यावर अवलंबून आहे. एका नगरपालिकेत मी पाहिले की नागरिकांनी पाठवलेली ढीगभर छायाचित्रे ‘दिनांक व स्थळ स्पष्ट नाही’ या एका शेऱ्यावर दप्तरी दाखल झाली. त्याच ठिकाणी पुढे पट्टा क्रमांक, वस्तू क्रमांक, श्रेणी, पट्टी ठेवलेले छायाचित्र आणि वेळ अशी यादी गेली तेव्हा तिचे थेट दुरुस्तीच्या कामात रूपांतर झाले, कारण उपअभियंत्याला ती यादी तशीच्या तशी अंदाजपत्रकाला जोडता आली. नोंदींच्या आधारे ठेकेदाराला दंड व्हावा अशी अपेक्षा असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, करारातच श्रेणी आणि त्यानुसार होणारी कपात लिहिलेली असावी. करारात नसलेल्या निकषावर बिलातून रक्कम कापता येत नाही. दुसरी, वाद न्यायालयात गेला तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यासाठी फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरूनच काढलेला आणि तिच्यात नंतर बदल झाला नाही हे दाखवणारा संकेतांक) उतरवून ठेवणे आणि पुसट केलेली प्रत कोणत्या टप्प्यावर, कोणी, का तयार केली याची नोंदवही ठेवणे आवश्यक आहे. ही नोंदवही कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय सगळे श्रम एका हरकतीत वाया जातात.

दोष कोणाच्या अखत्यारीतला आहे हे शोधण्यात नागरिकांची बरीच शक्ती खर्च होते, म्हणून तक्त्यात तो रकाना सुरुवातीपासूनच ठेवावा. एकाच पदपथावर दिव्याचा खांब महापालिकेच्या विद्युत विभागाकडे, डीपी महावितरणकडे, फांदी उद्यान विभाग व वृक्ष प्राधिकरणाकडे, झाकण ड्रेनेजकडे आणि कचरा आरोग्य विभागाकडे असतो. काही रस्ते तर महापालिकेचे नसून सार्वजनिक बांधकाम विभागाचे असतात. कोल्हापूर महापालिकेच्या चार विभागीय कार्यालयांपैकी आपला भाग ज्याच्याकडे येतो तिथे महिन्याची एकत्र यादी आवक क्रमांक घेऊन द्यावी आणि प्रत्येक दोषापुढे दुरुस्तीची तारीख भरण्यासाठी रिकामा रकाना सोडावा. उघडे चेंबर, लोंबकळती तार आणि खेळण्यातील तुटका भाग या तीन गोष्टी मात्र महिन्याच्या यादीची वाट पाहत ठेवू नयेत. त्या दिसल्या त्या तासात दूरध्वनीवर कळवाव्यात आणि तिथून हलण्याआधी जागेवर काहीतरी अडथळा उभा करावा.

दुरुस्ती झाली असे कळवले गेले की त्याच वस्तूचे, त्याच कोनातून, पट्टी ठेवून पुन्हा छायाचित्र घ्यावे आणि जुन्याच्या शेजारी लावावे. पहिल्या फेरीत सापडलेल्या दोषांपैकी किती दोष तीन महिन्यांनी खरोखर मिटले, हाच आकडा वर्षाच्या शेवटी पुढे ठेवावा. किती छायाचित्रे काढली हा आकडा कोणाच्याही उपयोगाचा नाही.

सुरुवात कशी करावी, याविषयी माझा सल्ला असा. उद्योजकाचा देकार नाकारू नका, पण पहिले दोन महिने चष्म्याविना, मोबाइल आणि कागदावर काम करा. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकच बाग आणि रंकाळ्याचे दहा पट्टे घ्या, चित्रसूची तयार करा, दोघांच्या श्रेणी जुळतात का ते पाहा, विभागीय कार्यालयाकडून लेखी संमती आणि एक संपर्क अधिकारी मिळवा. श्रेणी जुळू लागल्या आणि पहिली यादी स्वीकारली गेली की डिसेंबरमध्ये एक चष्मा बाहेर काढा. दुसरा चार्जिंगला आणि राखीव असू द्या. घाट पहिल्या वर्षी घेऊ नका. पुढचा पावसाळा येईपर्यंत तुमच्या तपासनिसांना मान खाली घालून छायाचित्र घेण्याची आणि माणूस चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबण्याची सवय झालेली असेल. पूर ओसरल्यानंतरच्या घाटाची पहिली फेरी त्यानंतर, ड्रेनेज विभागाच्या माणसाला सोबत घेऊन करा.